एस्सेलवर्ल्ड, बासी ईद आणि आपल्या मुलींची सहल

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर नववीच्या वर्गाला 'माझी अविस्मरणीय सहल' हा निबंध देते. विषय जुनाच आहे. पण घरात उर्दू आणि गल्लीत हिंदी बोलणाऱ्या मुलींना मराठीत स्वतःचं काहीतरी सांगावंसं वाटावं, म्हणून तो मला बरा वाटतो. बहुतेक निबंध नानीच्या गावाचे असतात, हाजी मलंगच्या डोंगराचे असतात, नाहीतर मालेगावच्या कुठल्यातरी लग्नाचे.

यंदा एका मुलीने एस्सेलवर्ल्डवर लिहिलं. दीड पान. बोरिवली स्टेशनवरून रिक्षा, गोराईच्या खाडीतली लाँच, पाण्याच्या तुषारांनी भिजलेली ओढणी, लांबूनच दिसणारे उंच पाळणे, रोलरकोस्टरमध्ये बसल्यावर डोळे मिटून म्हटलेला कलमा आणि परतताना धक्क्यावर तुटलेली चप्पल. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका भरपूर होत्या, पण निबंध जिवंत होता. वाचून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की एस्सेलवर्ल्ड तर बंद आहे. ते चालू होतं तेव्हा ही मुलगी अगदी लहान असणार. तिला बोलावून विचारलं, "कधी गेली होतीस गं?"

ती खाली बघून म्हणाली, "मैं नहीं गई, टीचर. अम्मी गई थी. स्कूल से."

तिची अम्मी महापालिकेच्या उर्दू शाळेत शिकली. आठवीत असताना शाळेच्या सहलीबरोबर गेली होती. तोच किस्सा घरात इतक्या वेळा सांगून झाला होता की लेकीला तो स्वतःचाच वाटायला लागला. मी पुढे काही बोलले नाही. पण घरी येईपर्यंत एकच प्रश्न डोक्यात होता. पंचवीसेक वर्षांपूर्वी आई जाऊ शकली. मग आज मुलगी का जाऊ शकत नाही?

ज्यांनी एस्सेलवर्ल्ड पाहिलं नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. मुंबईच्या उत्तर टोकाला, खाडीपलीकडे गोराई, मनोरी, उत्तन हा कोळ्यांचा आणि ईस्ट इंडियन ख्रिश्चनांचा पट्टा आहे. तिथे १९८९ मध्ये सुभाषचंद्र यांच्या एस्सेल समूहाने हे मनोरंजन उद्यान उघडलं. त्यांनीच पुढे १९९२ मध्ये झी टीव्ही सुरू केला. त्याआधी देशात अशा मोठ्या उद्यानाचं ठळक नाव म्हणजे दिल्लीचं अप्पू घर. १९८२ च्या आशियाई खेळांच्या हत्तीवरून ते नाव पडलं आणि १९८४ मध्ये ते उघडलं. एस्सेलवर्ल्डनंतर दोन वर्षांनी, १९९१ मध्ये, कोलकात्याचं निक्को पार्क आलं. म्हणजे मुंबईच्या पोरांना हे सुख बऱ्यापैकी लवकर मिळालं.

तिथे जाणं हाच अर्धा खेळ असायचा. रस्त्याने जायचं तर भाईंदरवरून मोठा वळसा. म्हणून बहुतेक लोक मार्वेच्या किंवा गोराईच्या धक्क्यावरून लाँच पकडायचे. आत गेल्यावर रेनबो, थंडर, हूला लूप, झिपर डिपर, शॉट अँड ड्रॉप, एकमेकांना धडका मारायच्या डॉजेम गाड्या, लहानग्यांसाठी गोल फिरणारे कप. बर्फावर स्केटिंग करायची जागाही होती. मुंबईच्या घामात बर्फावर उभं राहायला मिळतं, हे ऐकूनच आम्हाला गार वाटायचं. १९९८ मध्ये शेजारीच वॉटर किंगडम आलं. लाटांचा तलाव आणि उंच घसरगुंड्या आल्या. दोन्ही मिळून चौसष्ट एकरांचा पसारा. त्याच परिसरात २००९ मध्ये विपश्यनेचा ग्लोबल पॅगोडा खुला झाला. आठ हजार माणसं एकत्र बसतील असा त्याचा घुमट आहे आणि आत एकही खांब नाही. एका बाजूला किंकाळ्या आणि दुसऱ्या बाजूला मौन, अशी ती गोराई होती.

कोविडमध्ये सगळंच थांबलं. त्यानंतर वॉटर किंगडम चालू राहिलं, पण एस्सेलवर्ल्डचे पाळणे लोकांसाठी बंद झाले.

आता माझी स्वतःची आठवण सांगते. १९९३ ची रमजान ईद मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आली होती. त्याआधी डिसेंबर आणि जानेवारीच्या दंगली होऊन गेल्या होत्या. १२ मार्चचे बॉम्बस्फोटही होऊन गेले होते. त्या ईदला आमच्या घरी शीरखुर्मा झाला, पण कोणी कोणाकडे गेलं नाही. वर्षभरातच अब्बांनी कुर्ल्याची खोली विकली आणि आम्ही मुंब्र्याला आलो. त्या काळात असे कितीतरी लोक मुंब्र्याला आले. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची होते. मला एवढंच कळत होतं की जुन्या चाळीतल्या मैत्रिणी आता भेटणार नाहीत.

पुढच्या वर्षी ईदच्या दुसऱ्या दिवशी अब्बा म्हणाले, "चला, एस्सेलवर्ल्डला." ईदच्या दुसऱ्या दिवसाला आमच्यात बासी ईद म्हणतात. मुंबईतली मुस्लिम कुटुंबं त्या दिवशी हमखास बाहेर पडतात. राणीची बाग, जुहू, गेटवे आणि तेव्हा नव्याने एस्सेलवर्ल्ड. अम्मी तयार नव्हती. "इतने लोगों में? अभी?" एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. अब्बांनी तिच्याशी वाद घातला नाही. डबे भरायला मदत केली.

मुंब्रा ते दादर, दादर ते बोरिवली, मग रिक्षा, मग लाँच. लाँच हलली तशी अम्मीने शेजारच्या बाईचा हात धरला. ती बाई साडीतली होती, कपाळाला मोठं कुंकू. तिनेही अम्मीचा हात घट्ट धरला. पलीकडच्या धक्क्यावर उतरेपर्यंत दोघींनी हात सोडला नाही. नावं विचारली नाहीत. आत गेल्यावर एका पाळण्यात माझ्या शेजारी एक अनोळखी मुलगी बसली. आमच्या दोघींच्या मांडीवर एकच लोखंडी दांडा आला. पाळणा वर गेला तेव्हा आम्ही दोघी सारख्याच ओरडलो. ती कोण होती, मला आजही माहीत नाही.

मी या आठवणीचा फार मोठा अर्थ काढत नाही. त्या दिवसाने दंगल पुसली नाही. आम्ही मुंब्र्याला राहायला गेलो होतो आणि तिथेच राहिलो. पण अम्मी त्यानंतर घराबाहेर पडायला लागली, हे मी पाहिलं आहे. वर्षभर आत कोंडून घेतलेली बाई एका लाँचमधून परत जगात आली. म्हणून मला मनोरंजन उद्यान ही चैनीची गोष्ट वाटत नाही. जिथे आपण सगळे थोडावेळ फक्त घाबरलेली आणि हसणारी माणसं असतो, अशा जागा शहरात असाव्या लागतात.

अशा जागा एस्सेलवर्ल्डच्या आधीही होत्याच. डिसेंबरात माहीमला मखदूम अली माहिमी यांचा उरूस भरतो. मानाचा पहिला संदल मुंबई पोलिसांचा असतो. समुद्राकडे आकाशपाळणे लागतात आणि त्यात सगळ्या धर्मांची पोरं बसतात. सप्टेंबरात वांद्र्याला माउंट मेरीची जत्रा असते, तिथेही तेच. या पाळण्याचं आणि आपल्या सणांचं नातं तर फार जुनं आहे. पिएत्रो देल्ला वाल्ले नावाचा एक रोमचा प्रवासी १६१५ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला होता. रमजानच्या उत्सवात तिथे लावलेल्या मोठ्या चक्राच्या पाळण्यात तो बसला आणि त्याची मजा त्याने पत्रात लिहून ठेवली. शिकागोच्या प्रदर्शनात फेरिस नावाच्या इंजिनिअरने आपलं प्रसिद्ध लोखंडी चक्र उभं केलं ते १८९३ मध्ये, त्यानंतर पावणेतीनशे वर्षांनी. 'हे सगळं इंग्रजांचं खूळ आहे, आपलं नाही' असं म्हणणाऱ्या बुजुर्गांना मी ही गोष्ट मुद्दाम सांगते.

मग जत्रेत आणि पार्कात फरक काय? फरक कुंपणाचा. जत्रेत शिरायला पैसे लागत नाहीत. प्रत्येक पाळण्याचे वेगळे द्यायचे. खिशात दहा रुपये असले तर एका पाळण्यात बसा, काहीच नसलं तर नुसतं बघा. न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंड इथे १८९७ मध्ये स्टीपलचेस पार्क उघडलं. त्याच्या मालकाने सगळ्या खेळांभोवती कुंपण घातलं आणि दारातच पैसे घ्यायला सुरुवात केली. पुढे अशी उद्यानं जगभर झाली. कुंपणामुळे आतली जागा स्वच्छ आणि सुरक्षित झाली, बायका-मुलांना निर्धास्त फिरता यायला लागलं, हे खरं आहे. पण कुंपण आलं की दारही येतं, आणि दारात कोणाला थांबवायचं हा प्रश्नही येतो.

अमेरिकेत त्या दारात काळ्या मुलांना थांबवलं जायचं. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. त्यात त्यांनी आपल्या सहा वर्षांच्या मुलीचा उल्लेख केला आहे. तिने टीव्हीवर फनटाउन नावाच्या उद्यानाची जाहिरात पाहिली होती. तिथे काळ्या मुलांना जाता येत नाही, हे तिला सांगताना बापाची जीभ जड झाली होती. त्याच वर्षी बाल्टिमोरजवळच्या ग्विन ओक पार्कसमोर निदर्शनं झाली, शेकडो लोकांना अटक झाली. शेवटी २८ ऑगस्टला ते दार सगळ्यांसाठी उघडलं. त्या दिवशी अकरा महिन्यांची शॅरन लँगली वडिलांच्या आधाराने तिथल्या लाकडी घोड्यावर बसली. ते घोड्यांचं चक्र पुढे वॉशिंग्टनला, राष्ट्रीय संग्रहालयांच्या मैदानावर नेलं गेलं. ज्या लोकांना मतदानाचा हक्क हवा होता, नोकऱ्या हव्या होत्या, त्यांनी लाकडी घोड्यासाठीही तुरुंग पत्करला. मुलांनी खेळणं ही त्यांना किरकोळ गोष्ट वाटली नाही.

आपल्याकडे दारावर तसली पाटी नव्हती. एस्सेलवर्ल्डच्या जाहिरातीतलं मूल घरी जायला तयार नसायचं, आणि ती जाहिरात आमच्याही घरात पाठ होती. तिकीट काढलं की कोणी नाव विचारत नव्हतं. असं असताना माझ्या वर्गातली मुलगी बाहेर राहते, कारण तिच्यासाठी वेगळी कुंपणं आहेत.

पहिलं कुंपण पैशाचं. वॉटर पार्कचं तिकीट आज हजाराच्या घरात जातं. त्यात बस आणि जेवण मिळवा. पॉवरलूमवर किंवा जरीच्या कारखान्यात काम करणाऱ्या बापाला दोन मुली असतील तर तो कोणाला पाठवणार? बहुतेक वेळा कोणालाच नाही. आणि घरात मुलगा असेल तर मुलाला.

दुसरं कुंपण भीतीचं. या भीतीला मी नावं ठेवणार नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडच्या समुद्रात सहलीला गेलेली पुण्याच्या कॉलेजची मुलं बुडाली, त्यात आपलीही मुलं होती. २०२४ च्या जानेवारीत वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. आईबाप हे विसरत नाहीत, आणि विसरूही नये. पण भीतीचा उपाय बंदोबस्त हा आहे. लाइफ जॅकेट आहे का, बोटीत किती जण बसणार, पाण्याजवळ कोण उभं राहणार, हे विचारायला हवं. आपण ते विचारत नाही आणि संमतीपत्रावर नुसतं 'नहीं' लिहून पाठवतो. मुलाच्या संमतीपत्रावर मात्र हीच भीती आड येत नाही. मुरूडचं पाणी मुलगा आणि मुलगी बघून खोल होत नव्हतं.

तिसरं कुंपण 'लोग क्या कहेंगे' चं. कपड्यांचा प्रश्न मला कळतो, मीही त्याच घरांतली आहे. पण सहल म्हणजे फक्त वॉटर पार्क नव्हे. कोरडे पाळणे आहेत, विज्ञान केंद्रं आहेत, किल्ले आहेत. पाण्यातच जायचं असेल तर पूर्ण अंग झाकणारे पोहण्याचे कपडे आता बाजारात मिळतात. शाळेने उद्यानाशी आधी बोलून घेतलं तर निम्मे प्रश्न फोनवरच सुटतात. मला खटकतं ते हे की आम्ही तिथपर्यंत पोहोचतच नाही. बहुतेक घरांत दीनचा हवाला देऊन विषय संपवला जातो.

दीनचाच हवाला द्यायचा तर पूर्ण द्यावा. ईदच्या दिवशी मस्जिदीच्या आवारात हबशी लोक भाल्यांचे खेळ करत होते. हजरत आयेशांना ते बघायचे होते. रसूलुल्लाह (सल्ल.) स्वतः आडोसा धरून उभे राहिले आणि त्यांचं मन भरेपर्यंत उभे राहिले. हे बुखारीत आहे. त्यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावल्याचं अबू दाऊदमध्ये आहे. कुरआन जमिनीवर फिरून बघायला सांगतो. हे सगळं आपण जुम्म्याला ऐकतो आणि सोमवारी मुलीच्या संमतीपत्रावर 'नहीं' लिहितो. पडद्याची काळजी घेऊनही मुलीला खेळ दाखवता येतो, हा या हदीसचा साधा अर्थ मला समजतो. त्यात उभं राहण्याचे कष्ट मात्र मोठ्यांनी घ्यायचे आहेत.

माझं म्हणणं फक्त पालकांना नाही. शाळांनाही आहे. आमच्या उर्दू शाळांत सहल म्हणजे डोकेदुखी अशीच भावना असते. परवानग्या, कागद, जबाबदारी, त्यापेक्षा रद्दच केलेली बरी. मुलींची नावं कमी आली की शिक्षकखोलीत सुटकेचा निःश्वास टाकला जातो. मीही टाकला आहे, खोटं कशाला बोलू? दोन वर्षांपूर्वी आमची सहल नावं कमी आली म्हणून रद्द झाली आणि मी एकाही घरी जाऊन विचारलं नाही. बीएडला आम्हाला शिकवलं होतं की सहल हा अभ्यासाचाच भाग आहे. परीक्षेत त्यावर मी चार मुद्दे लिहून गुणही मिळवले होते.

सरकारला आणि महापालिकांना सांगायचं ते असं. एसटी शैक्षणिक सहलींना भाड्यात सवलत देते, ही चांगली गोष्ट आहे. पण दारातलं तिकीट खासगी असतं. गरीब वस्तीतल्या शाळांसाठी आठवड्यातल्या रिकाम्या दिवशी कमी दरात प्रवेश मिळावा, असं उद्यानांशी बोलून ठरवता येणार नाही का? सोमवार-मंगळवारी पाळणे अर्धे रिकामेच फिरत असतात. आणि जत्रा-उरुसांकडे नुसती वाहतुकीची अडचण म्हणून बघू नका. मोठी उद्यानं मालकाच्या हिशोबाने उघडतात आणि बंदही होतात. माहीमचा उरूस आणि गावोगावच्या जत्रा लोकांच्या आहेत. तिथले पाळणे तपासा, सुरक्षित करा, पण ते लागू द्या.

मुंब्र्यातल्या, भिवंडीतल्या, मालवणीतल्या मुलीला वर्षातून एक दिवस तरी अशा ठिकाणी जायला मिळावं जिथे तिच्या शेजारी वस्तीबाहेरची मुलगी बसेल. आमच्या शाळेत सगळ्या मुस्लिम मुली. पलीकडच्या मराठी शाळेत आमची एकही नाही. या दोन शाळांतल्या मुली एकमेकींना कुठे भेटणार? मोबाइलवर भेटतात ते काय बघून, हे आपल्याला माहीत आहे. माझ्या अम्मीचा हात जिने धरला, ती बाई तिला मोबाइलवर भेटली नसती.

गेल्या आठवड्यात मी त्या मुलीच्या घरी गेले. तिच्या अम्मीने चहा केला आणि निबंधाची वही मागून घेतली. मराठी सावकाश, अक्षर लावत वाचलं. चपलेच्या ओळीवर हसली. मग म्हणाली, "टीचर, वो चप्पल मेरी नहीं थी, मेरी सहेली की थी."

मी तिच्यासमोर एक बेत ठेवला. जानेवारीत सहल काढायची, मुलींबरोबर काही आयांनाही न्यायचं. दहा मुलींमागे एक आई. पैसे हप्त्याने घ्यायचे, जमणार नाही त्यांचे आम्ही शिक्षक मिळून भरू. पाण्यात जायची सक्ती नाही. ती बराच वेळ गप्प होती. नवऱ्याला विचारते म्हणाली. मग दारापर्यंत सोडायला आली तेव्हा तिने विचारलं, "लाँच अभी भी चलती है क्या?"

चालते, म्हटलं. संमतीपत्र अजून आलेलं नाही. मी शुक्रवारपर्यंत वाट बघणार आहे आणि नाही आलं तर पुन्हा जाणार आहे.

तुमच्या घरातही या दिवसांत एखादं संमतीपत्र आलं असेल. त्यावर काही लिहिण्याआधी शाळेत जाऊन चार प्रश्न विचारा. उत्तरं पटली नाहीत तर 'नाही' लिहा, तुमचा हक्क आहे. पण विचारल्याशिवाय लिहू नका.